आपल्या चुलीवरचं शिळं



आजचं बोलणं शिळ्या भाकरीचं आहे. शिळ्या भाकरीला कसला आलाय इतिहास, असं कुणी म्हणेल. पण आमच्या बौद्ध वस्तीत हा विषय निघाला की म्हाताऱ्या एकदम गप्प होतात. गटाच्या बैठकीत आम्ही उरलेल्या अन्नाचे पदार्थ करून आणायचं ठरवलं, तेव्हा दोघी-तिघींनी चक्क नकार दिला. फोडणीची भाकरी त्या खायला तयार, पण तिला शिळ्याचा पदार्थ म्हणायचं नाही, असं त्यांचं म्हणणं. तरण्या सुनांना याचं हसू आलं. आम्हाला मात्र वाटलं की हे हसण्यावारी नेण्यासारखं नाही. म्हणून हे बोलणं.

आपल्या भाषेत तीन शब्द आहेत. घरात शिजवलं आणि राहिलं ते उरलेलं. रात्र उलटली की ते शिळं. आणि दुसऱ्याने तोंड लावून टाकलेलं ते उष्टं. बोलताना आपण 'शिळंउष्टं' असं एका दमात म्हणून जातो. पण या दोन शब्दांच्या मधे आमच्या आज्या-पणज्यांची अख्खी हयात गेली आहे.

पूर्वी गावगाड्यात महारांकडे येसकरकी असायची. घराघरांत ती पाळीने फिरे. येसकराने गावाची राखण करायची, सरकारी टपाल आणि सारा पोचवायचा, कुणी मेलं की परगावी सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं. सुगीला बलुत्याचं धान्य मिळायचं आणि रोजचा मोबदला म्हणजे भाकरी. दिवस मावळला की काठी आणि घोंगडी घेऊन येसकर दारोदार फिरायचा, आणि बाया वरून, शिवणार नाही अशा बेताने, घोंगडीत तुकडा टाकायच्या. काल-परवाची ज्वारीची, बाजरीची, एखादी करपलेली, एखादी कुणीतरी अर्धी खाऊन ठेवलेली, अशा सगळ्या भाकरी एकात एक. वर कोरड्यास मिळालं तर तेही त्याच्यावरच. घरी आल्यावर बाई ते निवडायची. ओलं-सुकं वेगळं करायची, लेकरांना आधी वाढायची, आणि उरलेले तुकडे वाळवून मडक्यात ठेवायची. पावसाच्या झडीत काम नसलं की हेच तुकडे मिठा-मिरचीच्या पाण्यात उकळून खायचे.

बेबी कांबळे यांनी 'जिणं आमुचं' या पुस्तकात फलटणकडच्या महारवाड्याचं हे जिणं लिहून ठेवलं आहे. ते आधी 'स्त्री' मासिकातून छापून येत होतं. त्यांनी एक गोष्ट लपवली नाही, आणि तीच आम्हाला मोलाची वाटते. ती अशी की ज्या घरी येसकरकीची पाळी असे, त्या घराला तिचा मान वाटायचा. तुकड्यांना हक्क म्हणायचे. भूक इतकी होती की दुसऱ्याचं शिळं मिळणं हीसुद्धा मिरवायची गोष्ट झाली होती.

हे नुसतं गरिबीमुळे झालं असं समजू नका. शूद्राला उष्टं अन्न आणि जुनी वस्त्रं द्यावीत, असं मनुस्मृतीत लिहिलेलं आहे. इंग्रजांनी 1874 साली वतनाचा कायदा केला, त्यातही हे काम वंशपरंपरेचंच राहिलं. काम सरकारचं आणि गावाचं, पण पगाराच्या जागी तुकडे. काम करणाऱ्याला मजुरीऐवजी उष्टं दिलं की तो मजूर राहत नाही, भिकारी ठरतो.

बाबासाहेबांनी नेमकं इथे बोट ठेवलं. 1927 च्या मार्चमध्ये महाडला परिषद झाली. 20 तारखेला चवदार तळ्याचं पाणी प्यायले, हे आपल्याला पाठ आहे. पण त्याच परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना सांगितलं होतं की मेलेल्या जनावराचं मांस सोडा, आणि गावाचे शिळे तुकडे मागणं सोडा. पाणी घ्यायचं आणि तुकडा सोडायचा, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी निघाल्या. डिसेंबरमध्ये पुन्हा महाडला परिषद भरली, मनुस्मृती जाळली, तेव्हा ते बायांशी वेगळं बोलले. लुगडं कसं नेसावं, मुलींना शिकवावं, आणि मेल्या जनावराचं मांस घरात येऊ देऊ नये, हे त्यांनी बायांना सांगितलं. आम्हाला वाटतं त्यांना ठाऊक होतं की पुरुषाने सभेत हात वर केला तरी चुलीवर काय चढायचं ते बाईच्या हाती आहे. पुढच्याच वर्षी, 1928 साली, त्यांनी मुंबईच्या कायदेमंडळात वतनाचा कायदा बदलायचं विधेयक मांडलं. तुकड्यांऐवजी रोख पगार द्या, असा त्याचा रोख होता. ते विधेयक पुढे गेलं नाही. ही कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा 1958 साली झाला, तेव्हा बाबासाहेब जाऊन दोन वर्षं उलटली होती.

आता जरा त्या मधल्या तीस वर्षांचा विचार करा. तुकडे सोडले म्हणजे झालं काय? संध्याकाळी घोंगडी रिकामी. गावोगाव बहिष्कार पडले, शेतावरची कामं बंद झाली, दुकानदार माल देईना. भाषणं कुणी केली, ठराव कुणी मांडले, हे पुस्तकांत सापडतं. पण त्या रात्री लेकरांना काय शिजवून घातलं, हे कुठे लिहिलेलं नाही. आमच्या म्हाताऱ्यांकडून ऐकलं ते एवढंच: तांदुळजा, घोळ, पाथरी, कुर्डू, शेवग्याचा पाला. दळताना मागे राहिलेली कणी. पीठ चाळल्यावरचा कोंडा. 'कोंड्याचा मांडा' ही म्हण आपण कौतुकाने वापरतो, सुगरण बाईला उद्देशून. आमच्या वस्तीत तो दोन पिढ्या रोजचा बेत होता.

उत्तर प्रदेशातले ओमप्रकाश वाल्मीकि यांच्या आत्मकथनाचं नावच 'जूठन' आहे, म्हणजे उष्टं. लग्नाच्या पंगती उठल्यावर पत्रावळींवरचं गोळा करायचं, पुऱ्यांचे तुकडे वाळवून पावसाळ्यासाठी ठेवायचे, ही तिथलीही रीत. त्यात त्यांच्या आईचा प्रसंग आहे. एका लग्नात दहा दिवस राबल्यावर तिने लेकरांसाठी थोडं ताजं अन्न मागितलं. यजमानाने उष्ट्याच्या टोपलीकडे बोट दाखवलं. तिने ती टोपली तिथेच पालथी केली, आणि पुन्हा कधी उष्टं उचललं नाही. इकडे महाडला ठराव झाला होता. तिकडे त्या माउलीने कुणाचं भाषण न ऐकता तेच केलं.

आता एक अडचणीचा प्रश्न. गटात एका मुलीने तो विचारला आणि आम्ही सगळ्या विचारात पडलो. बुद्धसुद्धा दारोदार जाऊन अन्न घ्यायचे. भिक्षूच्या पात्रातही चार घरचे चार घास एकत्र होतात. मग येसकराच्या घोंगडीत आणि भिक्षूच्या पात्रात फरक काय?

फरक मोठा आहे. भिक्षू आपल्या मर्जीने घर सोडून निघालेला असतो, येसकर जन्माने बांधलेला. भिक्षूने ओळीने घरं घ्यायची असतात, श्रीमंताचं दार निवडायचं नाही आणि गरिबाचं टाळायचं नाही. त्याबदल्यात त्याच्याकडून कुणी ढोर ओढून घेत नाही. देणारी बाई वाकून देते, वरून टाकत नाही. आणि सगळ्यात मोठं म्हणजे घेतलेलं अन्न त्याने साठवायचं नाही. दुपारनंतर जेवायचं नाही, रात्रीसाठी ठेवायचं नाही, असे विनयाचे नियम आहेत. त्यात आणखी बारीक नियम आहेत, ते ऐकून तुम्हाला आपल्या सासूची आठवण येईल. जेवताना शितं सांडायची नाहीत. पात्र धुतलेलं शिताचं पाणी लोकांच्या अंगणात फेकायचं नाही.

विनयातच आनंदाची एक गोष्ट आहे. कौशांबीला उदयन राजाच्या राण्यांनी आनंदाला पाचशे वस्त्रं दान दिली. राजाला शंका आली, इतकी वस्त्रं हा करणार काय, दुकान घालणार का? आनंद म्हणाला, ज्यांची चीवरं विरली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचं काय? त्यांची पांघरुणं करू. जुन्या पांघरुणांचं? गादीचे अभ्रे. पुढे त्याचीच बसायची आसनं, मग पायपुसणी, मग झाडायची फडकी. आणि फडकी फाटली की? ती कुटून चिखलात कालवू आणि भुई लिंपू. राजा खूश झाला. लुगड्याची गोधडी, गोधडीचं पोतेरं करणाऱ्या बाईला यात नवल काहीच वाटणार नाही. नवल एवढंच की ही गोष्ट धर्मग्रंथात जपून ठेवली आहे.

पण आमची आवडती गोष्ट पुण्णा दासीची. धम्मपदाच्या अट्ठकथेत, म्हणजे जुन्या टीकाग्रंथात, ती येते. राजगृहाच्या एका सावकाराकडे ही बाई राबायची. एका रात्री भात कांडायला इतका होता की दिवा लावून ती कांडतच राहिली. घाम आला म्हणून वाऱ्याला बाहेर उभी राहिली, तर डोंगरावर भिक्षूंची ये-जा दिसली. ती मनात म्हणाली, मी कामापायी जागी आहे, या भल्या माणसांना झोप का नाही? पहाट झाली तशी तिने कांडणातला कोंडा घेतला, पाण्यात भिजवला, निखाऱ्यावर त्याची भाकर भाजली आणि वाटेत खाऊ म्हणून ओट्यात बांधून पाण्याला निघाली. वाटेत समोरून बुद्ध आले. तिने ती भाकर त्यांच्या पात्रात घातली खरी, पण तिला वाटलं, हे पुढे जाऊन कावळ्या-कुत्र्याला टाकतील आणि राजवाड्यात पक्वान्न जेवतील. बुद्धांनी आनंदाकडे पाहिलं, आनंदाने तिथेच वस्त्र अंथरलं, आणि तिच्यादेखत बसून त्यांनी ती कोंड्याची भाकर खाल्ली. मग तिच्याशी बोलत बसले, ती का जागी होती आणि भिक्षू का जागे होते यावर.

त्या कोंड्याला पालीत 'कुंडक' म्हणतात. शब्द ऐका, आपल्याच घरातला वाटतो. आणि हेही पाहा की ती भाकर सावकाराच्या ताटातलं उष्टं नव्हती. कांडण तिचं, कष्ट तिचे, भाजलेली तिने, आणि स्वतःच्या तोंडचा घास तिने दिलेला. म्हणून देणारी म्हणून तिचं नाव राहिलं, सावकाराचं कुणाला ठाऊक नाही.

14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला धम्मदीक्षा झाली. त्यानंतर आमच्या चुलीवरही हळूहळू बदल आला. मरीआईच्या जत्रेचं जेवण गेलं, देवाच्या नावाचे नैवेद्य गेले. त्या जागी पौर्णिमा आल्या. वैशाखी पौर्णिमेला सुजातेची आठवण म्हणून खीर. आषाढी पौर्णिमेपासून आश्विनी पौर्णिमेपर्यंत वर्षावास, तेव्हा घराघरांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' ग्रंथाचं वाचन, आणि समारोपाला भोजनदान. हे जेवण शाकाहारी असतं. वर्षावासाचे तीन महिने बऱ्याच घरी मटण-मासळी शिजत नाही.

इथे एक खुलासा करतो, कारण बाहेरच्या बाया हमखास विचारतात. आम्ही सगळे बौद्ध बारमाही शाकाहारी नाही. बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञांत प्राणिमात्रांवर दया आहे, शाकाहाराची अट नाही. खुद्द बुद्धांच्या काळी देवदत्ताने मागणी केली होती की भिक्षूंना मांस-मासळी कायमची बंद करा, तेव्हा बुद्धांनी ती सक्ती मान्य केली नव्हती. त्यामुळे पौर्णिमेला भाजी-भाकरी खाल्ली म्हणून कुणी वरचढ होत नाही. शाकाहारी म्हणजे उच्च आणि मांस खाणारा नीच, ही उतरंड आमच्याच पाठीवर रचलेली होती. ती आम्ही पुन्हा डोक्यावर घेणार नाही. शाहू पाटोळे यांनी 2015 साली आलेल्या 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात मराठवाड्यातल्या दलित घरांचं खाणंपिणं नोंदवलं आहे. मिळालं तर गटाने वाचावं.

भोजनदानात एक गंमत होते. भन्तेजी बारा वाजायच्या आत जेवतात आणि काही बांधून नेत नाहीत. उरतं ते सगळं आपलं. शंभर माणसांचा अंदाज धरावा तर सत्तर येतात, आणि पातेलंभर भात, वरण, खीर मागे राहते. म्हणजे एकेकाळी तुकड्याला महाग असलेल्या वस्तीत आता उरलेल्याचं काय करायचं हा प्रश्न आला. काही ठिकाणी ते सरळ उकिरड्यावर जातं. शिळं खाणं म्हणजे मागे जाणं, असं त्यामागे असतं. म्हाताऱ्यांचा नकार आम्हाला समजतो. पण बाबासाहेबांनी सोडायला सांगितलं ते परक्याच्या दारचं. आपल्या घामाचं, आपल्या पातेल्यातलं टाकून द्या असं त्यांनी कधी सांगितलेलं नाही.

इतर बौद्ध देशांत तर स्वयंपाकघर हा साधनेचाच भाग मानतात. जपानमध्ये दोगेन नावाचे भिक्षू होऊन गेले. 1223 साली ते धम्म शिकायला चीनला गेले. जहाज बंदरात असतानाच एक म्हातारा भिक्षू जपानी अळंबी विकत घ्यायला आला. तो एका विहाराचा स्वयंपाकी होता, आणि तो विहार आपल्या सम्राट अशोकाच्या नावाचा. दोगेन म्हणाले, रात्री इथेच थांबा, बोलू. म्हातारा म्हणाला, उद्याचं जेवण माझ्यावर आहे. या वयात ध्यान-ग्रंथ सोडून चुलीपाशी कशाला, असं दोगेननी विचारलं, तर तो मोठ्याने हसला. साधना म्हणजे काय हेच तुला कळलेलं नाही, असं त्याचं उत्तर. दोगेन ते विसरले नाहीत. 1237 साली त्यांनी विहाराच्या स्वयंपाक्यासाठी एक पुस्तकच लिहिलं. तांदूळ धुताना खडा आणि दाणा दोन्हींवर नजर ठेवावी, धुवण बेफिकिरीने ओतू नये, एक दाणा वाया जाऊ नये, साधी भाजी असली तरी तोंड वाकडं करून शिजवू नये, असं त्यात आहे. त्यांच्या परंपरेत आजही जेवण झालं की वाडग्यात गरम पाणी घालून, खळबळून ते पितात. तिथला स्वयंपाकही शाकाहारी, आणि मुळ्याच्या सालीसकट सगळं वापरणारा. एक मात्र खटकतं. इतकं सगळं ज्यांच्यासाठी लिहिलं ते स्वयंपाकी पुरुष, म्हणून त्याची साधना झाली. आपल्याकडे हेच बाई करते, तेव्हा त्याला नुसतं घरकाम म्हणतात.

आता आमच्या वस्तीत उरलेल्याचं काय करतो ते सांगतो.

ज्वारीची शिळी भाकरी हाताने चुरायची. तेलात मोहरी, जिरं, लसूण, कांदा, हिरवी मिरची, हळद, वर शेंगदाण्याचं कूट. चुरा कोरडा असेल तर पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं. उन्हाळ्यात चूल पेटवायचीच नसेल तर त्याच चुऱ्यात ताक, मीठ, कांदा घालून काला. वरण उरलं तर त्यात पाणी आणि चिंच-गूळ घालून उकळायचं आणि कणकेच्या चकोल्या सोडायच्या. तेवढ्यावर अख्खं घर जेवतं. गव्हाच्या पोळ्या उरल्या तर कडक वाळवून कुटायच्या, गूळ आणि थोडं तूप घालून लाडू वळायचे. शाळेतून आलेली लेकरं हे काय आहे म्हणून विचारतसुद्धा नाहीत.

भाताला मात्र जपा. भोजनदानाचा भात मोठ्या पातेल्यात उबेला राहतो, आणि तसा चार-पाच तास राहिला की त्यात जंतू वाढतात. त्यांचं विष नंतर कितीही उकळलं तरी जात नाही. म्हणून पंगत उठताच भात परातीत पसरायचा, निववायचा, आणि तासा-दीड तासात वाटून टाकायचा किंवा फ्रीज असेल त्या घरी ठेवायचा. सकाळी त्यात ज्वारीचं पीठ, कांदा, कोथिंबीर, तिखट-मीठ घालून थालीपीठं. एकदा गरम केलेला भात पुन्हा ठेवायचा नाही. बुरसलेली भाकरी, आंबूस वास आलेलं वरण ढोरांनाही घालू नका, खतात टाका.

वाटायचं ते पंगत संपायच्या आत, स्वच्छ डावाने, झाकणाच्या डब्यातून, असं आम्ही ठरवून घेतलं आहे. ताटात टाकलेलं कुणाला द्यायचं नाही. वस्तीतल्या एकट्या म्हाताऱ्यांना डबा घरी नेऊन द्यायचा, त्यांना बोलावून रांगेत उभं करायचं नाही. ज्या दोघी-तिघींनी नकार दिला होता, त्यांनीच ही रीत घालून दिली आहे.

कोंड्याची भाकर आम्ही या वैशाखी पौर्णिमेला केली. गव्हाचा चाळणीवरचा कोंडा एक वाटी, ज्वारीचं पीठ दोन वाट्या, उरलेलं घट्ट वरण लागेल तेवढं, लसूण-मिरचीचा ठेचा, मीठ. नुसत्या कोंड्याची थापताना तुटते, म्हणून पीठ हवंच. हातभर जाड न करता पातळ थापा आणि मंद आचेवर दोन्ही बाजूंनी खरपूस भाजा. शहरात हाच कोंडा पाकिटात घालून पोटाला चांगला म्हणून विकतात, तेव्हा गिरणीत सोडून येऊ नका. खीर उरली होती, तिच्यात कणीक मळून दशम्या केल्या. दुसऱ्या दिवशी कामावर नेल्या तरी मऊ राहतात.